आली वीज, गेली वीज

मराठीत आकाशातल्या विजेला आणि घरातल्या विजेला एकच नाव आहे. पण एकाच नावाच्या या दोघी एका वेळी एका घरी नांदत नाहीत. एक आली, की दुसरी निघते.

मे महिन्यातली संध्याकाळ. पुण्यातली कुठलीही सोसायटी घ्या. दिवसभर गच्चीवर कुरडया खडखडीत वाळतील असं ऊन पडलेलं असतं. चारच्या सुमारास फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा एक पांढराशुभ्र ढग डोंगराआडून डोकं वर काढतो. बघता बघता त्याचा तळ जांभळा होतो, वारा सुटतो, ए विंगेतला टॉवेल सी विंगेत राहायला जातो आणि आभाळ पहिल्यांदा कडाडतं. त्याच क्षणी घरातला पंखा दमत दमत थांबतो. ‘गेली!’ असं स्वयंपाकघरातून ऐकू येतं. ‘आली, आली!’ असं बाल्कनीतून. दोन्ही वाक्यं विजेबद्दलच असतात.

पूर्वी अशा वेळी माणसं दारं-खिडक्या लावून आत बसत. आता ती फोन घेऊन बाहेर येतात. दोन मिनिटांत पाचही मजल्यांच्या बाल्कन्या भरून जातात. एरवी वार्षिक सभेला कोरमपुरती माणसं जमवताना सेक्रेटरींच्या नाकी नऊ येतात. विजेला मात्र शंभर टक्के हजेरी असते, आणि तीही सगळ्यांचे हात वर.

दुसऱ्या मजल्यावरचे काका हे या कार्याचे यजमान. त्यांची पद्धत साधी आहे. फोन आभाळाकडे रोखायचा, बोट बटणावर टेकवायचं, श्वास धरायचा आणि वीज चमकली रे चमकली, की दाबायचं. या पद्धतीने गेल्या चार मोसमांत त्यांनी दीडेकशे फोटो काढले आहेत. सगळे काळे आहेत. एकात अंगठा आहे. काका त्यांतला एकही पुसत नाहीत, आणि कुणी पाहायला मागितलाच, तर ‘हिच्या आधी एक जबरदस्त चमकली होती’ हे स्पष्टीकरण प्रत्येक फोटोबरोबर फुकट मिळतं.

दोष काकांच्या बोटाचा नाही. ढगातून जमिनीपर्यंत येणाऱ्या विजेचा एकेक झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात आपलं काम उरकतो. बऱ्याच विजांमध्ये असे तीन-चार झोत त्याच वाटेने लागोपाठ धावतात, म्हणून वीज थरथरल्यासारखी दिसते. पण हे सगळं धरूनही खेळ बहुधा अर्ध्या सेकंदात आटोपतो. इकडे डोळ्यांना दिसलं, डोळ्यांनी मेंदूला कळवलं, मेंदूने बोटाला हुकूम सोडला, यातच सेकंदाचा पाचवा भाग जातो. मग फोन विचारात पडतो. उजेड किती, अंधार किती, समोर चेहरा आहे का, असल्यास तो गोरा करायचा का? सगळ्या टेबलांवरून मंजुरी मिळेपर्यंत वीज जमिनीत जाऊन मुरलेली असते. फाइल तयार होते तेव्हा साहेब घरी पोचलेले असतात. वीज दिसल्यावर बटण दाबणारा माणूस विजेचा नाही, तिच्या मागून येणाऱ्या अंधाराचा फोटो काढत असतो. तो मात्र काकांना दर वेळी अचूक साधतो.

जाणकारांची रीत याच्या उलट. रात्र व्हावी लागते. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८च्या आसपास, दूरच्या एखाद्या दिव्यावर फोकस करून तो तिथेच जखडून टाकायचा आणि शटर पंधरा ते तीस सेकंद उघडं ठेवायचं. तेवढ्यात वीज समोरून गेलीच, तर ती स्वतःच्याच उजेडात सही करून जाते. नाही गेली तर पुन्हा तीस सेकंद. मग पुन्हा तीस. कॅमेऱ्याला धक्का लागू नये म्हणून बटणालाही हात लावायचा नाही, रिमोट वापरायचा. थोडक्यात, फोटोग्राफरने काहीही न करणं हे या कलेतलं मुख्य कौशल्य. काकांना हे एकदा कुणीतरी समजावून सांगितलं होतं. ‘मग फोटो मी काढला असं कसं म्हणायचं?’ हा त्यांचा प्रश्न अजून तसाच पडून आहे.

चौथ्या मजल्यावरच्या बारावीतल्या मुलाने या वादातून पळवाट काढली आहे. तो फोटो काढतच नाही. व्हिडिओ सुरू करतो, भिंतीला टेकतो आणि नंतर सावकाश त्यातली हवी ती फ्रेम उचलतो. युक्ती चालते. फक्त कधी कधी चित्रात वरचं आभाळ दुधासारखं पांढरं आणि खालचं डांबरासारखं काळं येतं, मधे पट्टीने आखल्यासारखी आडवी रेघ. फोनचा सेन्सर सगळं दृश्य एका दमात पाहत नाही. परीक्षेच्या पेपरसारखा वरून खाली एकेक ओळ वाचत येतो, आणि वीज त्या वाचनाच्या मधेच येऊन जाते. असा एक फोटो मुलाने ‘आकाशाची फाळणी’ म्हणून ग्रुपवर टाकला. त्या एका फोटोला जेवढे बदाम पडले, तेवढे काकांच्या दीडशे फोटोंना मिळून पडलेले नाहीत.

गडगडाट ऐकला की धावत सुटायचं आणि चित्र मिळवायचं, हे वेड फोनच्या आधीचं आहे, कॅमेऱ्याच्याही आधीचं. १७५३ सालच्या उन्हाळ्यात सेंट पीटर्सबर्गमध्ये गेऑर्ग रिखमान हे शास्त्रज्ञ विज्ञान अकादमीच्या बैठकीत बसले होते. बेंजामिन फ्रँकलिनच्या प्रयोगांनी तेव्हा युरोपातल्या विद्वानांना विजेने झपाटलं होतं, आणि रिखमान यांनीही घराच्या छपरावर लोखंडी सळई उभारून तिची तार खालच्या उपकरणाला जोडून ठेवली होती. बाहेर गडगडलं. बैठकीतून काढता पाय घ्यायला निमित्त शोधणारे पुष्कळ असतात. रिखमान यांचं निमित्त खरं होतं. ते घराकडे धावले आणि जाताना अकादमीचे चित्रकार सोकोलोव यांना सोबत घेऊन गेले, कारण जे घडेल ते कागदावर उतरवायला कुणीतरी हवं होतं. रिखमान उपकरणावर वाकले, मुठीएवढा निळसर आगीचा गोळा त्यांच्या कपाळाकडे झेपावला आणि ते जागीच गेले. सोकोलोव भोवळ येऊन पडले, पण वाचले. काय घडलं, ते जगाला त्यांच्याकडूनच कळलं.

नंतर कॅमेरा आला. सेंट लुईसच्या टॉमस ईस्टर्ली यांनी १८४७ मध्ये डॅगेरोटाइपच्या चकचकीत पत्र्यावर वीज पकडल्याची नोंद आहे, तरी पहिलेपणाचा मान बहुतेक ठिकाणी फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज यांना दिला जातो. तारीख २ सप्टेंबर १८८२. जेनिंग्ज हौशी फोटोग्राफर, आणि त्यांचं भांडण विजेशी नव्हतं, चित्रकारांशी होतं. वीज काढायची म्हणजे फूटपट्टी घेऊन इकडून तिकडे तीन कोन मारायचे, ही चित्रकारांची सवय. जेनिंग्जना ते साफ खोटं वाटत होतं. त्यांच्या काचेवर वीज उमटली ती नकाशातल्या नदीसारखी: एक मुख्य धार, तिला फाटे, फाट्यांना ओहोळ. ना कुठे टोकदार कोन, ना खाली बाणाचं टोक. चित्रकार खटला हरले. पण निकालाची अंमलबजावणी आजतागायत झालेली नाही. विजेच्या डीपीवरच्या धोक्याच्या पाटीपासून फोनच्या चार्जिंगच्या खुणेपर्यंत सगळीकडे तीच फूटपट्टीची वीज ठाण मांडून बसली आहे.

काकांना खऱ्या अर्थाने धीर देईल अशी गोष्ट मात्र इंग्लंडच्या चार्ल्स व्हर्नन बॉइज यांची. या पदार्थवैज्ञानिकाने १९०० मध्ये विजेसाठी खास कॅमेरा तयार केला. त्यात दोन भिंगं गोल फिरत. वीज जसजशी सरकेल तसतशी तिची दोन चित्रं एकमेकांपासून थोडी ढळत, आणि त्या फरकावरून तिचा वेग काढता येई. कॅमेरा उत्तम होता. अडचण एवढीच, की मनासारखी वीज त्याच्यासमोर येईना. वर्षांमागून वर्षं गेली. एक महायुद्ध सुरू होऊन संपलं. हवा होता तसा फोटो बॉइज यांना मिळाला तो १९२८ मध्ये, आणि तोही इंग्लंडात नाही. अमेरिकेत पाहुणे म्हणून गेले होते तेव्हा. अठ्ठावीस वर्षं! काकांचा तर हा पाचवाच मोसम.

त्या पद्धतीचा कॅमेरा पुढे दक्षिण आफ्रिकेत पोचला. तिथल्या उन्हाळी दुपारी विजांच्या बाबतीत फार उदार. बेसिल शॉनलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकात त्यातून जे टिपलं, त्याने ‘वीज पडली’ या मराठी वाक्याचीही अडचण करून ठेवली आहे. आधी ढगातून एक अंधूक वाट खाली उतरते. ती सरळ येत नाही. पन्नासेक मीटरची एक पायरी उतरायची, क्षणभर अडखळायचं, पुन्हा पुढची पायरी, असं करत येते. दिवे गेलेल्या जिन्यावरून पाहुणा उतरतो तशी. ती जमिनीजवळ आली, की खालच्या झाडा-इमारतींच्या टोकांतून ठिणग्या तिला सामोऱ्या जातात. त्यांतल्या एकीशी तिची गाठ पडली, की मग तो डोळे दिपवणारा लखलखाट होतो, आणि तो धावतो खालून वर. ‘पडली, पडली’ म्हणून सोसायटी ओरडते तेव्हा वीज खरं तर चढत असते.

आणि ज्यांना वीज नकोच होती त्यांना ती न मागता मिळाली. जुलै १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे जॉन विंकलर आणि त्यांचे सहकारी अग्निबाणावरच्या प्रयोगासाठी आणलेला, मंद उजेडात पाहणारा कॅमेरा नीट चालतो का, एवढंच तपासत होते. कॅमेरा आभाळाकडे करून ठेवलेला. नंतर पाहतात तो दूरच्या वादळाच्या माथ्यावर, ढगांच्याही कितीतरी वर, प्रकाशाचे दोन प्रचंड खांब उमटलेले. वैमानिक अशा उजेडाच्या गोष्टी सांगत, तेव्हा कुणी मनावर घेत नसे. आता त्याला ‘स्प्राइट’ असं नाव आहे, आणि तो जमिनीपासून नव्वद किलोमीटरपर्यंत पोचतो. बॉइज यांनी अठ्ठावीस वर्षं वाट पाहिली. यांनी फक्त झाकण काढून ठेवलं होतं.

या दोन टोकांच्या मधे कुठेतरी फिलिपो माँतेफोर्ते हे वृत्तछायाचित्रकार बसतात. ११ फेब्रुवारी २०१३ ला पोप बेनेडिक्ट यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच संध्याकाळी रोमवर वादळ आलं. सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या घुमटावर वीज पडेल, या आशेवर माँतेफोर्ते थंडी-पावसात दोन तासांहून जास्त वेळ तिथल्या खांबांच्या आडोशाला थांबले. पहिली वीज पडली, ती त्यांच्या हातून निसटली. दुसरी मिळाली. तो फोटो जगभर छापला गेला, आणि त्यावर दोन तट पडले: देवाचा संकेत म्हणणारे आणि संगणकावरची करामत म्हणणारे. घुमटासारख्या उंच जागी वीज पडण्यात नवल काय, असा तिसरा तट नेहमीप्रमाणे अल्पमतात राहिला.

हे सगळं होईपर्यंत सोसायटीत अंधार पडलेला असतो आणि तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनीअर कठड्याला रेलून तो प्रश्न विचारतात, जो दर मोसमात एकदा विचारला जातोच आणि बहुधा दिवे गेलेले असतानाच विचारला जातो: ‘ही सगळी वीज साठवता आली तर?’

हिशेब करून पाहायला हरकत नाही. एका विजेची ऊर्जा ढोबळ मानाने एक अब्ज ज्यूल धरतात. अब्ज म्हटलं की छाती दडपते, पण मीटरच्या भाषेत ते होतात २८० युनिट. बेताने दिवे लावणाऱ्या एका घराचं दोन-तीन महिन्यांचं बिल. आभाळ दणाणलं, कुत्री पलंगाखाली गेली, गाड्यांचे अलार्म कोकलले, आणि शेवटी हाती काय, तर २८० युनिट! तेसुद्धा सगळे नाहीत. बरेचसे उष्णता, उजेड आणि आवाजात आधीच उडालेले. शिवाय ती नेमकी कुठे पडणार याचं वेळापत्रक नाही. विजेचा दरारा साठ्याचा नाही, उधळपट्टीचा आहे. दोन महिने पुरवून वापरायचा ऐवज ती पापणी लवायच्या आत उडवून टाकते. दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या वाटेतली हवा त्या क्षणी सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. तापलेली हवा स्फोटासारखी फुगते आणि तिचा धक्का कानावर आदळतो, तोच गडगडाट.

खरी ताकद पाहायची तर ढगाची पाहावी. उन्हाळ्याच्या अखेरीस असा एखादा ढग पंधरा-सोळा किलोमीटर उंच चढतो. कळसूबाईवर कळसूबाई अशा नऊ-दहा रचाव्यात, तेव्हा त्याच्या डोक्याला हात लागेल. पोटात हवेचे जोरदार झोत वर निघालेले असतात. त्यांच्याबरोबर बर्फाचे हलके कण वर चाललेले, आणि गारेसारखे जडशीळ कण खाली येत असलेले. संध्याकाळी सहा वाजता दादर स्टेशनचा पूल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. चढणारे आणि उतरणारे एकमेकांवर आदळतात, घासतात, आणि त्या धक्काबुक्कीत हातोहात विद्युतभार बदलतो. दादरला पाकीट जातं, इथे इलेक्ट्रॉन जातात. वर पोचलेल्यांकडे धनभार, खाली रेंगाळणाऱ्यांकडे ऋणभार, आणि मधल्या हवेला हा ताण सोसेनासा झाला की वीज.

म्हणूनच जे हौशी लोक जुलैमध्ये विजेच्या आशेने लोणावळ्याला जातात, ते धुक्याचे फोटो आणि चिक्की घेऊन परत येतात. ऐन पावसाळ्यातले घाटावरचे ढग पाणी बदाबदा ओततात, पण फार उंच चढत नाहीत. धक्काबुक्कीसाठी लागणारा बर्फच त्यांच्या पोटात पुरेसा नसतो. आपल्याकडे विजांचे मोसम दोनच: मृगाच्या आधीचा वळीव आणि हस्ताचा परतीचा पाऊस. पंचांगवाले दर नक्षत्राला पावसाचं वाहन सांगतात, बेडूक, म्हैस, गाढव, मोर. कॅमेऱ्याची बॅटरी कधी चार्ज करून ठेवायची, हे मात्र सांगत नाहीत.

बाकी जगात विजेची ऐट आणखी मोठी आहे. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवरावर वर्षातल्या जवळजवळ ३०० रात्री विजांचा खेळ चालतो. तिथे काकांना रजा घ्यायलाही सवड मिळणार नाही. आणि २२ ऑक्टोबर २०१७ ला अमेरिकेत एकच वीज पूर्व टेक्सासपासून कॅन्सस सिटीच्या आसपासपर्यंत ढगांतून आडवी धावत गेली. लांबी ८२९ किलोमीटर. जागतिक हवामान संघटनेने २०२५ मध्ये या विक्रमावर शिक्कामोर्तब केलं. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. वीज तो संपवून आणखी सव्वाशे किलोमीटर पुढे गेली असती, काही सेकंदांत आणि टोल न भरता. एवढी लांब वीज जमिनीवरच्या कुठल्याच कॅमेऱ्यात मावणार नव्हती. ती टिपली उपग्रहाने, ज्याचा डोळा रात्रंदिवस उघडाच असतो आणि ज्याच्यापाशी दाबायला बोट नाही.

तळमजल्यावरच्या आजींना ना उपग्रहात रस, ना फोटोत. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं असतं, की वर बाल्कनीत उभ्या असलेल्यांपैकी पायाळू कोण आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्यावर वीज पडते, ही जुनी समजूत. गंमत म्हणजे त्याच पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी आणि गुप्तधन दिसतं, असंही गावोगाव सांगितलं जाई. म्हणजे विहीर काढायची तर याला पुढे घालायचं, आणि आभाळ गडगडलं की याच्यापासून चार हात लांब बसायचं! हल्ली अशी बाळं बहुधा सिझेरियनने जगात येतात. त्यांना पायाळू म्हणायचं की नाही, यावर आजींचा निर्णय व्हायचा आहे.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानात रेंजर म्हणून काम करणारे रॉय सलिव्हन यांच्यावर १९४२ ते १९७७ या काळात सात वेळा वीज पडली. सातही वेळा ते वाचले आणि गिनेसच्या पुस्तकात गेले. डोक्याचे केस एकाहून अधिक वेळा पेटल्यामुळे पुढे पुढे ते गाडीत पाण्याचा कॅन ठेवू लागले. आभाळ भरून आलं की बरोबरची माणसं त्यांची संगत टाळत. तिकडे पायाळू हा शब्द नाही, पण व्यवहार तोच.

इथे मात्र हसू जरा आवरतं घ्यावं लागतं. ११ जुलै २०२१ च्या संध्याकाळी जयपूरजवळ आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर पाऊस पाहायला आणि सेल्फी काढायला लोक जमले होते. बुरुजावर वीज पडली आणि किमान अकरा जणांचा जीव गेला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात विजेने २,८८७ बळी घेतले. असे बळी जातात ते मुख्यतः फोटोच्या नादाने नाही. शेतात राबणारी, गुरं राखणारी, पाऊस आला म्हणून झाडाखाली थांबलेली माणसं. त्यांच्यासाठी वीज हा पाहायचा विषय नसतो. घर लांब असतं आणि झाड जवळ असतं.

फोनमुळे वीज ओढली जाते, ही भीती खोटी आहे. गच्चीवरचा माणूस धोक्यात असतो तो हातात फोन आहे म्हणून नाही, गच्चीवर उभा आहे म्हणून; तिथे टाकीखालोखाल उंच तोच. उघड्या माळावर ट्रायपॉडची आणि त्याच्या मालकाची तीच गत. अंदाज घ्यायची रीत सोपी आहे. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, घरात किंवा बंद काचांच्या गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. जाणते फोटोग्राफर फोटो काढतात ते दूरच्या वादळाचे, आणि खिडकीच्या आतून.

पुण्यातच पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने यासाठी ‘दामिनी’ नावाचं अ‍ॅप केलं आहे. देशभर बसवलेले सेन्सर विजेतून निघणाऱ्या रेडिओलहरी पकडतात. आजोबांच्या मीडियम वेव्हवर ऐन बातम्यांत जी खर्रर्र यायची, तिचीच ही शास्त्रशुद्ध नात. आसपास वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात वीज कुठे पडते आहे, हे फोनच्या नकाशावर दिसतं, म्हणजे माणसाने वेळीच आत जावं. सोसायटीत हे अ‍ॅप सगळ्यात आधी काकांनी घेतलं. सूचना आली, की ते सगळी कामं सोडून बाल्कनीत येतात.

तर साडेआठला घरातली वीज येते. पाचही मजल्यांवरून एकदम ‘आली!’ असा गजर होतो, फ्रिज घरघरतो, मालिकांचे सूर सुरू होतात आणि दोन मिनिटांत बाल्कन्या ओस पडतात. सगळे आत जाऊन बसल्यावर, अगदी पाचव्या मिनिटाला, समोरच्या टेकडीवर त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी वीज उतरते. चार फाटे, प्रत्येकाला झालर, टेकडीवरचं झाड न् झाड मोजता यावं असा उजेड. भांड्यांच्या मांडणीवरचे पेले खणखणतात. बाहेर बघतो तर कोणी नाही.

एक असतो. फाटकावरचा सीसीटीव्ही, घरातल्या विजेबरोबर नुकताच जागा झालेला.

दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या खुर्चीचा पाय कुणी मोडला, हे शोधायला सेक्रेटरी रेकॉर्डिंग उघडतात आणि त्यांना ती सापडते. टेकडीवर आरपार उभी वीज, अलीकडे तीन पायांच्या खुर्चीत तोल सांभाळून जांभई देणारा वॉचमन, आणि त्याच्या पायाशी एकटं, नीट वर पाहणारं कुत्रं. चित्र ग्रुपवर येतं. बदामांचा पाऊस पडतो. कोपऱ्यात तारीख आहे १ जानेवारी २०००, कारण दिवे गेले की त्या यंत्राचं घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं. पण एवढ्या थंडीत वळीव कसा, असं कुणी विचारत नाही. बारावीतला मुलगा ते चित्र फ्रेम करून लिफ्टजवळ लावायला सुचवतो. इंजिनीअर २८० युनिटांचा हिशेब पुन्हा टाकतात.

काका चष्मा कपाळावर सरकवून चित्र दोन बोटांनी मोठं करतात, लहान करतात, पुन्हा मोठं करतात.

‘छान आहे,’ ते लिहितात. ‘पण हिच्या आधी एक जबरदस्त चमकली होती.’